ओमाहा हाय-लो: हातात मोठी पानं आणि समोर रेजवर रेज करणारा गडी

राजा, राजा, राणी, गुलाम. तीन पत्तीत वाढलेल्या माणसाने अशी पानं उचलली की हात शिवशिवतात. ओमाहा हाय-लो या पोकरच्या प्रकारात पॉट (मधे जमलेले पैसे) अर्धा सर्वात मोठ्या हाताला, म्हणजे हायला, आणि अर्धा सर्वात लहान हाताला, म्हणजे लोला जातो. तिथे मात्र हाच हात नवशिक्याचे सर्वात जास्त पैसे खातो, आणि तेही बहुधा प्रत्येक फेरीत रेज करणाऱ्या (लावलेली रक्कम वाढवणाऱ्या) गड्यासमोर. हात दर वेळी हरतो असंही नाही. बऱ्याचदा तो जिंकतो, पण अर्धा पॉट. आणि त्या अर्ध्यासाठी पैसे घातलेले असतात अख्ख्या पॉटच्या हिशोबाने.

म्हणून पुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येत राहील: समोरचा कुठल्या अर्ध्यासाठी पैसे लावतोय, आणि तो अर्धा भरायला टेबलावर आणखी कोण कोण आहे?

सगळी उदाहरणं ४-८ डॉलरच्या फिक्स्ड लिमिट (लावायची रक्कम, म्हणजे बेट, आधीच ठरलेली) खेळाची घेतली आहेत, कारण अमेरिकेतल्या कार्डरूममध्ये हा खेळ बहुतेक लिमिटनेच चालतो. पहिल्या दोन फेऱ्यांत (फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांच्या, आधी आणि नंतर) बेट ४ ची, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं पान) ८ ची. एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेज, मग कॅप, म्हणजे पुढे रेज नाही. मात्र कॅपचा नियम जागेनुसार बदलतो, बसताना डीलरला विचारून घ्या. ‘हॉर्स’ नावाच्या मिश्र खेळातला ‘ओ’ म्हणजे हाच खेळ. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणली आहे. घरी शिकायचं तर चिंचोके लावून शिका, त्याने काही अडत नाही.

१. जवळ काय हवं

पत्त्यांचा एक कॅट. पन्नासेक चिप्स, नाहीतर चिंचोके. एक छोटी वही. ती कशाला ते पायरी ४ मध्ये. कार्डरूममध्ये जाणार असाल तर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र (नेवाडात वय २१ पूर्ण हवं, गोव्याच्या कॅसिनोतही तेच). आणि बाजूला काढलेले पैसे: मोठ्या बेटच्या निदान २५ पट, म्हणजे ४-८ च्या टेबलाला २०० डॉलर. रेज करणाऱ्या गड्याबरोबर एकच हात शेवटपर्यंत खेळलात तर ५०-६० डॉलर सहज आत जातात, त्यामुळे ८० घेऊन बसण्यात अर्थ नाही.

टेबलावर बसण्याआधी घरी एक अभ्यास करा. कॅटमधून राजा-राजा-राणी-गुलाम काढून समोर ठेवा. उरलेली ४८ पानं पिसा, पाच उघडा आणि बघा: त्यांत अठ्ठी किंवा त्याहून लहान अशी तीन वेगवेगळी पानं आहेत का? एक्का लहान धरायचा. असं ५० वेळा करा. साधारण ३४ वेळा उत्तर ‘आहेत’ असं येईल. हिशोबाने ही शक्यता ६९ टक्के आहे. हा आकडा वाचून विसरला जातो; पन्नास वेळा हाताने पानं उघडली की अंगात मुरतो.

२. नियमातल्या नडणाऱ्या गोष्टी

हातात चार पानं, टेबलावर पाच. हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन वापरायची, हायसाठीही आणि लोसाठीही. दोन्हींसाठी हातातल्या वेगवेगळ्या जोड्या घेता येतात. लो म्हणजे अठ्ठी किंवा त्याखालची पाच वेगवेगळी पानं. स्ट्रेट (ओळीतली पाच पानं) किंवा फ्लश (पाचही एकाच रंगाची) झाला तरी लोचं काही बिघडत नाही. टेबलावर तीन वेगवेगळी लहान पानं आली नाहीत तर लो कुणाचाच नाही, अख्खा पॉट हायचा.

होल्डेममधून (हातात दोनच पानं असलेल्या पोकरमधून) आलेले लोक ‘नेमकी दोन’ इथे हमखास फसतात. टेबलावर चार बदाम आणि हातात एकटा बदाम एक्का: फ्लश नाही. हातात तीन राजे: तिसरा राजा फक्त अडगळ, उलट सेटसाठी (हातातल्या जोडीला टेबलावरचं तिसरं तसंच पान) उरलेला राजा आता एकच. रेजच्या गडबडीत हे विसरलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी मनात म्हणा, ‘माझी कुठली दोन?’

३. हाय म्हणून चालणारे हात

चारही पानं एकमेकांना धरून असावीत, म्हणजे सगळी दश्शी किंवा त्यावरची आणि शक्यतो दोन-दोन एकाच रंगाची. राजा-राजा-राणी-गुलाम, राजा-राणी-गुलाम-दश्शी, राणी-राणी-गुलाम-दश्शी, एक्का-राजा-राणी-गुलाम. एक्क्याच्या रंगाचं आणखी एक पान सोबत असेल तर हात एकदम वजनदार होतो, कारण नट फ्लशची, म्हणजे शक्य तेवढ्या सर्वात मोठ्या फ्लशची, वाट उघडते.

न चालणारे: नव्वी-अठ्ठी-सत्ती-छक्की. दिसायला साखळी छान, पण ही पानं लागतात तेव्हा टेबलावर लहान पानं पडलेली असतात. म्हणजे लो कुणाचा तरी होतोच, तुमचा स्ट्रेट बहुधा वरचा नसतो आणि अर्ध्यासाठी भांडताना तोही अर्धा जातो. नव्वी-नव्वी-सत्ती-सत्ती त्याहून वाईट. मधली पानं सरळ टाका, त्यात काही हुशारी लढवू नका.

राजा-राजा-आठ-तीन अशा हातात उपयोगाची जोडी एकच आहे. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. त्यांतल्या पाच निकामी असतील तर तुम्ही एका जोडीवर चार पानांचे पैसे भरताय.

४. समोरचा कुठल्या जातीचा, ते ओळखा

रेज करणारे सगळे एकसारखे नसतात आणि वही लागते ती इथे. पानं उघडली जातात तेव्हा बहुतेक लोक फक्त कोण जिंकला ते बघतात. तुम्ही हे टिपा: फ्लॉपच्या आधी रेज केली होती का, आणि शेवटी हातातली कुठली चार पानं निघाली. आठ-दहा शोडाउनमध्ये माणूस कळतो. वही टेबलावर उघडून बसू नका; उठाल तेव्हा लिहा.

पहिली जात: हातात एक्का-दुर्री आली की रेज, नाहीतर गप्प. हा माणूस आक्रमक दिसतो, पण त्याच्या रेजचा अर्थ छापून ठेवल्यासारखा असतो. तो लोचा अर्धा मागतोय. लो आलाच नाही तर त्याच्याकडे बहुधा एक्क्याची जोडीही नसते.

दुसरी जात: काहीही आलं तरी रेज. याच्याकडे लो असेलच असं नाही. पण कुठलीही दोन लहान पानं घेऊन तो रिव्हरपर्यंत येतो आणि लो हुकला की रिव्हरला थाप मारतो. तुमच्या मोठ्या पानांना पैसे देणारा खरा माणूस हाच.

तिसरी जात कमी दिसते, पण महाग पडते: एक्का-दुर्रीबरोबर एक्क्याच्या रंगाचं पान, किंवा एक्का-दुर्री-तिर्री-पंजी असे हात घेऊन लो पक्का झाल्यावर कॅपपर्यंत नेणारा. त्याचा अर्धा बांधलेला असतो आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी तो फुकटात खेळतो. हा टेबलावर असेल तर दुबळा हाय घेऊन त्याच्यासमोर एकट्याने उभं राहू नका.

५. बसायची जागा

निवड करता आली तर आक्रमक गडी तुमच्या उजव्या हाताला असू द्या. तो तुमच्या आधी बोलतो, तुम्हाला त्याची रेज दिसते आणि मग ठरवता येतं. हाय हाताला याचा दुहेरी फायदा आहे. कमकुवत हात फुकटात टाकता येतो, आणि लोकांना बाहेर काढायचं असेल तेव्हा त्याच्या बेटवर तुमची रेज पडली की पुढच्या सगळ्यांना एकदम दोन बेट भराव्या लागतात.

तो डाव्या हाताला असेल तर दुसरा डाव जमतो: तुम्ही चेक (पैसे न लावता पुढे), तो बेट, मधले लोक कॉल (तेवढेच पैसे भरणं), मग तुमची रेज. आधीच एक बेट घालून बसलेले लोक दुसरीही घालतात. पक्क्या हायला ही जागा वाईट नाही; फक्त फ्लॉपच्या आधी तुमच्या प्रत्येक कॉलवर त्याची रेज बसते, तिचा खर्च मोजायला हवा.

६. फ्लॉपच्या आधी: आत शिरण्याची किंमत

चारही पानं नव्वीच्या वरची धरून हिशोब केला तर फ्लॉपवर दोन किंवा तीन मोठी पानं येण्याची शक्यता २५ टक्के आहे. चारांत एकदा. उरलेल्या तीन वेळा तुम्ही बहुतेक फ्लॉपवरच पानं टाकणार. म्हणून हाय हात स्वस्तात आत नेण्याचा आहे: मागच्या, म्हणजे उशिरा बोलायच्या, जागेवरून, तीन-चार जण आधीच कॉल करून बसलेले असताना.

जास्त लोक असण्यामागे आणखी एक कारण आहे. चार जण आत आले असतील तर त्यांच्या हातात बहुतेक एक्के, दुर्र्या, तिर्र्या अडकल्या आहेत. कॅटमध्ये उरलेली पानं तेवढी मोठी होतात. अभ्यासातले ६९ टक्के इथे थोडे खाली येतात, तुमच्या बाजूने.

आता नवशिक्याची नेहमीची चूक. पहिल्या जातीच्या गड्याने रेज केली, तुमच्याकडे राजा-राजा-राणी-गुलाम, आणि तुम्ही होल्डेमसारखी परत रेज करून सगळ्यांना हाकललंत. आता उरलात तुम्ही आणि एक्का-दुर्रीवाला. त्याचा लो होण्याची भरपूर शक्यता, आणि त्या अर्ध्याचे पैसे भरणारे तुम्ही एकटे. अशा वेळी नुसता कॉल करा, लोकांना मागे येऊ द्या. दुसऱ्या जातीच्या, काहीही घेऊन रेज करणाऱ्या गड्यासमोर मात्र राजाची जोडी आणि जोडीला रंग असेल तर परत रेज करायला हरकत नाही, कारण त्याच्याकडे लोची पानं असतीलच असं नाही.

पुढच्या जागेवरून, मागे आक्रमक गडी बसलेला असताना राजा-राणी-गुलाम-दश्शी टाकली तर काही बिघडत नाही. चारांत तीनदा फ्लॉपवर टाकायच्या हातासाठी दोन-तीन बेट आगाऊ भरणं परवडत नाही.

७. फ्लॉप: पहिलं काम, लहान पानं मोजणं

आपला हात बघायच्या आधी टेबलावरची लहान पानं मोजा. (समान पानांची जोडी एकच धरा.) तुमच्या हातात एकही लहान पान नसेल तर शक्यता अशा:

एकही लहान पान नाही: लो येऊच शकत नाही. अख्खा पॉट हायचा.
एक लहान पान: रिव्हरपर्यंत लो शक्य होण्याची शक्यता ३४ टक्के.
दोन लहान पानं: ७९ टक्के.
तीन: लो आलेला आहे.

पहिल्या दोन प्रकारांत हात आखडू नका. समजा फ्लॉप इस्पिक राजा, चौकट दश्शी, किलवर पंजी असा आला. तुमच्याकडे राजांचा सेट आहे, वर राणी-गुलाममुळे एक्का किंवा नव्वी आली तर स्ट्रेट. या क्षणाला याहून मोठा हात कुणाकडे नाही. आक्रमक गड्याने बेट केली की रेज करा, त्याने पुन्हा केली की तुम्हीही पुन्हा करा. एक्का-दुर्रीवाल्याला आता टर्न आणि रिव्हर दोन्ही लहान, वेगवेगळी आणि त्याच्या हातातल्या पानांशी न जुळणारी हवी आहेत. तीन वेळांत एकदाही धड जमत नाही अशा गोष्टीसाठी तो पैसे भरतोय, आणि जमलीच तरी अर्धा पॉट. आक्रमक माणूस तरीही भरतो. तुमचा वर्षभराचा नफा बहुतेक याच फ्लॉपांवरून येणार आहे, तेव्हा इथे ‘पुढे बघू’ म्हणून चेक करत बसू नका.

दोन लहान पानांचा फ्लॉप हा खरा कस. राजा, सत्ती, चौकी, तिन्ही वेगळ्या रंगांची. सेट असेल तर पैसे घाला: लो अजून झालेला नाही, पाचांत एकदा तो होतच नाही आणि हाय सध्या तुमचा आहे. पण हातात राजा एकच असेल आणि नुसती राजाची एक जोडी झाली असेल तर टाका. फ्लॉप राणी-सत्ती-चौकी आणि तुमची राजाची जोडी हातातच, तरीही टाका. ७९ टक्के वेळा अर्धा पॉट गेलेला, आणि उरलेला अर्धा एका जोडीवर? दोन जोड्या, स्ट्रेट, छोटा सेट, कशानेही तो जातो.

तीन लहान पानांवर राजा-राजा-राणी-गुलाम लगेच टाका. विचार करायला वेळ घेणंसुद्धा चुकीचं, पुढच्या गड्याला उगाच माहिती मिळते.

अपवाद एकच वाटतो, तो म्हणजे नट फ्लशची आस. तिथेही हिशोब करून बघा. हातात बदाम एक्का, बदाम राजा, इस्पिक राणी, किलवर गुलाम. टेबलावर बदाम अठ्ठी, किलवर पंजी, बदाम तिर्री आणि टर्नला चौकट दुर्री. पॉटमध्ये ४८ डॉलर, समोरच्या एकट्याने ८ लावले. अख्ख्या पॉटच्या खेळात ८ घालून ५६ मिळणार, म्हणजे आठांत एकदा जिंकलं तरी पुरतं. इथे लो त्याचा आहे. तुमच्या कॉलनंतर पॉट ६४, तुमचा वाटा ३२, त्यातले ८ तुमचेच. म्हणजे ८ घालून २४, चारांत एकदा जिंकायला हवं. बदाम उरलेत ९. त्यांतली बदाम पंजी आणि बदाम दुर्री टेबलावर जोडी करतात, तेव्हा फुल हाउसची (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) भीती. निर्धास्त पानं ७. न दिसलेल्या ४४ पानांत ९ धरली तरी २० टक्के, ७ धरली तर १६. फोल्ड, म्हणजे पानं टाका. ‘रिव्हरला आणखी काढू’ हेही चालत नाही, कारण दोघंच असताना रिव्हरला तो ८ घालतो, तुम्ही ८ घालता, आणि दोघं आपापले ८ परत घेऊन जाता.

८. टर्न: तिसरं लहान पान पडलं, आता?

सर्वात जास्त पैसे इथे चुकतात, म्हणून एकच उदाहरण नीट बघू.

हात राजा-राजा-राणी-गुलाम. फ्लॉप इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर चौकी. टर्नला बदाम दुर्री. चारही रंग वेगळे, म्हणजे रिव्हरलाही फ्लश होणार नाही. सध्या स्ट्रेटही शक्य नाही. तुमचा राजांचा सेट आत्ता नट हाय आहे. लो झालेला आहे आणि नट लो एक्का-तिर्रीचा. उजवीकडचा गडी ८ लावतो, बहुधा तेवढ्यासाठीच.

रिव्हरला येऊ शकणारी ४४ पानं अशी वाटली जातात. सत्ती, चौकी, दुर्री प्रत्येकी ३ आणि एक राजा: १० पानांवर तुमचं फुल हाउस किंवा चौकडी. नव्वी, दश्शी, राणी, गुलाम: १४ पानांवर काहीही बदलत नाही. एक्का, तिर्री, पंजी, छक्की, अठ्ठी: या २० पानांवर कुणाचा तरी स्ट्रेट होऊ शकतो.

आता रेज करायची का? एका बेटपुरता हिशोब करा.

दोघंच असाल: ८ घातले, ८ परत. रेजमधून मिळत काही नाही, आणि त्या २० पानांतलं एखादं त्याला लागलं तर अख्खा पॉट त्याचा. नुसता कॉल.

तिघं असाल: पॉटमध्ये २४ पडले, तुमचा अर्धा १२, फायदा ४. पण वीसच्या वीस पानं वाईट धरली तर सरासरी साडेसहाच परत येतात. प्रत्यक्षात नुसत्या एक्का-तिर्रीला स्ट्रेटसाठी फक्त पंजी लागते. उरलेल्या दोन पानांत पंजी-छक्की असेल तरच धोका वाढतो. म्हणून दोघंही लोवाले वाटत असतील तर रेज करा. तिसरा माणूस टेबलावरच्या लहान पानांनी स्ट्रेट जुळवत बसणाऱ्यांपैकी असेल तर कॉलवर थांबा.

चौघं असाल: तुमचा अर्धा १६. वीसही पानं वाईट धरली तरी सरासरी पावणेनऊच्या आसपास परत येतात. डोळे झाकून रेज.

पण कुणाला बेट पडतेय तेही बघा. तिसरा गडी तुमच्यानंतर बोलणार असेल तर तुमच्या रेजमुळे त्याला एकदम १६ भरावे लागतील आणि तो जाईल. मग उरले दोघं आणि फायदा शून्य. अशा वेळी आक्रमक गड्याच्या बेटवर फक्त कॉल करून मागच्याला ८ मध्ये आत येऊ द्या. तो आधीच कॉल करून बसला असेल तर खुशाल रेज करा.

दोघांकडे एक्का-तिर्री निघाली तर तुमची दिवाळी. तिघांनी १०० घातले, पॉट ३००: तुम्हाला १५०, त्या दोघांना ७५-७५. नट लो हातात असूनही ते शंभराला पंचवीस गमावतात, आणि पहिल्या जातीचा गडी तर नट लो दिसला की कॅपपर्यंत थांबतच नाही. त्याची ही सवय तुमच्या कामाची आहे. त्याच्याकडे बघून हसू नका, समजावू तर मुळीच नका.

९. रिव्हर

लो आलाच नाही तर टेबलाचा रंगच बदलतो. आक्रमक गडी लो हुकल्यावरही बेट करतो, कारण नुसता चेक करून त्याला काहीच मिळणार नसतं. पॉटमध्ये ८० आणि त्याने ८ लावले, तर तुम्ही ८ घालून ८८ साठी खेळताय. बारांत एकदा जरी तो थाप मारत असेल तरी कॉल बरोबर. दुसऱ्या जातीच्या गड्यासमोर इथे राजाच्या एका जोडीनेही कॉल करा. टर्नवर टाकायचा हात रिव्हरला कॉल होतो तो याच एका ठिकाणी.

लो आला असेल, पॉट तेवढाच आणि बेट एकच असेल, तर तुम्हाला ९६ चा अर्धा ४८ मिळणार. ८ घालून ४० चा फायदा, म्हणजे सहांत एकदा हाय तुमचा असला तरी पुरे. मोठ्या पॉटमध्ये एका बेटसाठी चांगला हाय टाकणं महाग पडतं.

पण दोघांच्या मधे सापडलात तर हिशोब पार बदलतो. एका बाजूने बेट, दुसऱ्या बाजूने रेज, आणि तुमच्याकडे दुसऱ्या नंबरचा हाय. आता ८ चे ३२ होऊ शकतात. एकाकडे नट लो आणि दुसऱ्याकडे नट हाय असेल तर ते दोघं तुम्हाला मधे धरून कॅपपर्यंत नेणार. जात्यात सापडलेल्या दाण्याचं होतं तेच. नट नसेल तर पहिल्या रेजलाच टाका. १६ भरून पुढच्या रेजला टाकणं हा सर्वात वाईट पर्याय आहे.

समोर एकटा असेल आणि तुमचा हाय पक्का नट असेल तर रिव्हरला रेज करायला काहीच लागत नाही. त्याच्याकडे लो असेल तर पैसे परत, नसेल तर सगळे तुमचे.

१०. नेहमीचे खड्डे

लोवाल्याला थाप मारणं. नट लो असलेला माणूस कधीही पानं टाकत नाही. त्याचा अर्धा त्याच्या खिशात आहे. तुमची थाप फक्त दुसऱ्या हायवाल्याला हाकलू शकते, आणि तेही समोर ते दोघंच उरलेले असताना.

छोटे सेट. टेबलावर चौकी-छक्की-राजा आणि हातात चौकी-चौकी: सेट आहे खरा, पण वरच्या सेटकडून मार खातो, फुल हाउस झालं तरी वरच्या फुल हाउसकडून मार खातो, आणि लहान पानांमुळे अर्धा बहुधा जाणारच. राजांच्या सेटचे नियम याला लावू नका.

एक्के-एक्के. सोबत राणी-नव्वी, चारही रंग वेगळे. होल्डेममध्ये याच्यापुढे काही नाही, इथे ही बिनकामाची एक जोडी आहे. टेबलावर सुधारली नाही तर सोडता यायला हवी.

चिडून खेळणं. आक्रमक गड्याने लागोपाठ तीन-चार वेळा पॉट नेला की माणसं त्याला ‘दाखवायला’ नव्वी-अठ्ठीवाले हातही उचलतात. उठा, चहा घेऊन या, एक फेरी बाहेर बसा.

पॉट लिमिट टेबलावर (जिथे पॉटएवढी बेट लावता येते) वरचं गणित तेच राहतं, पण टर्नवरची एक चूक लिमिटच्या आठ-दहा चुकांएवढी असते. किमान वर्षभर लिमिट खेळल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

११. पानं उघडताना

चारही पानं टेबलावर सरळ, सुटी उघडून ठेवा आणि डीलरने हाय आणि लो दोन्ही वाचेपर्यंत हात लावू नका. बहुतेक ठिकाणी तोंडाने काय सांगितलं त्याला किंमत नसते, पानंच बोलतात. ‘माझ्याकडे फक्त हाय’ म्हणून दोन पानं दाखवून उरलेली डीलरकडे सरकवली की तो हात मेला. समोरच्याने ‘नट लो’ असं नुसतं म्हटलं तरी त्याचीही चार पानं बघितल्याशिवाय तुमची फेकू नका. बऱ्याचदा त्याची दुर्री टेबलावरच्या दुर्रीशी जुळून लो बिघडलेला असतो आणि रेजच्या भरात त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. पॉट वाटताना एक चिप विषम उरली तर प्रथेप्रमाणे ती हायवाल्याला मिळते. डीलर घाईत विसरला तर मागून घ्या.